अठरा, एकोणीस आणि दहा मायक्रॉन

धुळ्याच्या गाड्यांचं पासिंग एमएच १८, जळगावच्या गाड्यांचं एमएच १९. म्हणजे आरटीओच्या लेखी या दोन गावांत उन्नीस-बीसचासुद्धा फरक नाही, अठरा-एकोणीसचा आहे. गावांना मात्र हे मान्य नाही. जळगावकराच्या मते सोनं, डाळ आणि अक्कल या तीन वस्तू जळगावातच शुद्ध मिळतात. धुळेकर म्हणतो, मिळत असतील, पण बाहेर न्यायच्या तर मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर नाहीतर सोलापूरचा रस्ता धरावा लागतो, आणि हे तिन्ही रस्ते आमच्या गावात भेटतात. दोन्ही गावांचं एकमत होतं ते एकाच विषयावर : दुसऱ्याच्या गाडीत काय बिघडलंय.

खात्री करायची असेल तर एरंडोल ते पारोळा या पट्ट्यात कुठंही गाडी बाजूला घ्या आणि बॉनेट उघडून उभे राहा. बॉनेट पुरतं वर जायच्या आत पहिला मोटरसायकलवाला थांबतो. तो प्लगवर संशय घेतो. दुसरा वायरिंगवर. मग कडेच्या कपाशीतून एक गृहस्थ येतात, काही न बोलता डोकं आत घालतात, दोनदा वास घेतात आणि निकाल देतात, "फिल्टर चोकअप से." जमाव पांगतो. फिल्टर हा खान्देशातला सर्वमान्य आरोपी आहे, आणि त्याचं कारण तांत्रिक नाही. इंजिन गेलं म्हटलं तर मालकाच्या जिवाला लागतं, चालवणं चुकलं म्हटलं तर ड्रायव्हरच्या. फिल्टर खराब म्हटलं तर कुणाच्याच घराण्याला बट्टा लागत नाही. शिवाय बदलून काही फरक पडला नाही तरी "चला, नवीन टाकून घेतला, बरं झालं" म्हणायला जागा राहते.

माझ्या भाच्याचा जळगावच्या एमआयडीसीत चटईचा कारखाना आहे. चटई ही माणसानं निवांत आडवं होण्याची वस्तू. ती विकून त्यानं जी गाडी घेतली तिच्यात धड बसतासुद्धा येत नाही. जर्मन बनावटीची, दोन लिटरची, टर्बो. पुण्याहून सेकंडहँड आणलेली. आधीच्या मालकानं तिच्या संगणकात काहीबाही फेरफार करून घोडे तीनशेपर्यंत नेले होते. तीनशे घोडे आकाशवाणी चौकापासून अजिंठा चौफुलीपर्यंत न्यायचे म्हणजे काय, हे ज्यानं तो रस्ता संध्याकाळी पार केला आहे त्यालाच कळेल. घोडे सगळे हजर असतात, पण पुढं केळीचा ट्रक असतो, त्याच्यापुढं रिक्षा, आणि रिक्षापुढं एक म्हैस, जिला कुणी रिमॅप केलेलं नसतं.

तर या गाडीला दुखणं जडलं. चार हजार आरपीएमपर्यंत सगळं सुरळीत, त्यावर गेलं की झटके. पिकअप घेता घेता मध्येच अडखळायची. भाच्यानं ही तक्रार घरी सांगितली तेव्हा आमच्या दाजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, लगेच उपाय सांगितला, "मंग चार हजाराच्या वर जाऊ नको." दाजींची रावेर तालुक्यात केळी आहे. त्यांच्या हिशेबात दुखणं आणि उपाय यांत इतकंच अंतर असतं. पण ज्यानं चार हजाराच्या वरच्यासाठीच पैसे मोजले आहेत त्याला हे कसं पटावं? त्यानं गावात विचारलं. गावानं एकमुखानं सांगितलं : फिल्टर.

स्पेअरपार्टच्या दुकानात मला मामा या नात्यानं नेण्यात आलं. घासाघीस करायला एक वडीलधारा लागतो. काउंटरवरच्या माणसानं गाडीचं नाव ऐकून चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ओरिजिनल देऊ, का ओरिजिनलमधलं चांगलं देऊ?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. त्यानं तीन डबे काढले. एका डब्यावर गाडीच्या कंपनीचा शिक्का. दुसऱ्यावर फिल्टर बनवणाऱ्या कंपनीचा. हाच माल त्या पहिल्या डब्यात जातो असं तो शपथेवर म्हणाला. तिसऱ्या डब्यावर होलोग्राम इतके होते की आत फिल्टरला जागा कशी उरली याचं नवल वाटावं. भाच्यानं विचारलं, "याचं मायक्रॉन किती?" दुकानदारानं फिल्टर तोंडाला लावला, गाल फुगवून फुंकला, दुसऱ्या तोंडानं हवा निघाली तिच्यासमोर माझा हात धरून दाखवला आणि म्हणाला, "बघा, किती मोकळा आहे!" मोकळेपणा हा माणसाचा गुण आहे. फिल्टरचा आहे की नाही हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही. सांगून ठेवतो, की तोंडानं फुंकून फिल्टर निवडणारे लोक केस कापताना कात्रीचं वजन बघत असतील.

भाच्यानं तिथं काहीच घेतलं नाही. त्यानं घरी येऊन एक वस्तू मागवली. ती आली तेव्हा आमची बहीण तिला देव्हाऱ्यात ठेवायला निघाली होती, इतकी ती देखणी होती. निळ्या ॲल्युमिनियमची नळी, आत स्टेनलेस स्टीलची जाळी, दोन्ही टोकांना चकचकीत आटे, अंगावर बाण. शंभर मायक्रॉन. रेसिंगचा. धुऊन जन्मभर वापरता येणारा. या शेवटच्या गुणावर आमची बहीण विशेष खूश झाली. जन्मभर धुऊन वापरायच्या वस्तूंबद्दल तिला आदर आहे, तिच्या घरात दूध पिशवीतून येतं आणि पिशवी पुढं वर्षभर राहते.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे शंभरच्या जाळीतून केस उभा शिरला तर सहज आरपार जाईल. पण हे गणित त्या वेळी कुणी मांडलं नाही, कारण निळा रंग फार सुरेख होता.

आता जरा पेट्रोलबद्दल. फिल्टर निवडायचा म्हणजे तो काय अडवणार आहे ते आधी बघावं लागतं, आणि आमच्याकडं नेमका याचाच विसर पडतो. खान्देशात पेट्रोल-डिझेल येतं त्यातलं बरंच मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून, टँकरनं. या वाटेवर काय काय होत आलं आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळवाल्यांनी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. त्यावर विनोद होत नाही. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देतात तो भेसळ ओळखू यावी म्हणून, आणि पंपावर गिऱ्हाइकाला फिल्टर पेपर मागायचा हक्क आहे तोही म्हणूनच. नोझल पुसून एक थेंब कागदावर टाकायचा. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, डाग राहिला तर समजायचं. मी एकदा तो कागद मागितला होता. पंपावरच्या मुलानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या स्कूटरकडं, आणि म्हणाला, "काका, शंभरचंच टाकायचंय ना?"

पण मुद्दा असा, की रॉकेल पेट्रोलमध्ये विरघळतं. जगातला कुठलाही फिल्टर ते वेगळं करत नाही. निळा नाही, होलोग्रामवाला नाही. इथेनॉलचंही तेच. २०२३च्या फेब्रुवारीत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल विकायला सुरुवात झाली, २०२५ पर्यंत ते सगळीकडं झालं. दाजी रब्बीत मका घेतात. मक्याचंही इथेनॉल होतं हे कळल्यापासून ते भाच्याच्या गाडीकडं वेगळ्या नजरेनं बघतात, म्हणजे पोरगा आपलंच पीक जाळत फिरतोय अशा. इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि जुन्या टाकीच्या भिंतीला बसलेला चिकटा, गंज सोडवून पुढं पाठवतं. ती सगळी घाण येऊन कुठं थांबते? फिल्टरमध्ये. तेव्हा कपाशीतल्या त्या गृहस्थाचा निकाल अगदीच वाऱ्यावरचा नसतो.

फिल्टरचा हा तिढा सुटला तो भरीत पार्टीत. थंडीत आमच्याकडं शेतात जाऊन वांगी भाजण्याला पार्टी म्हणतात. वांगीसुद्धा साधी नव्हेत; जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मिळालं आहे, त्याच वर्षी केळीलाही, त्यामुळं आता शेतात बसलं तरी मानांकित मालाच्या संगतीत बसल्यासारखं वाटतं. कपाशीच्या काड्यांचा जाळ केलेला, हिरवी फुगीर वांगी त्यात टाकलेली, बाजूला कळण्याच्या पुऱ्यांची परात. भाच्यानं कौतुकानं तो निळा फिल्टर खिशातून काढून वडिलांच्या हातात दिला.

दाजींनी हातातला चिमटा खाली ठेवला. फिल्टर उजेडासमोर धरला, एक डोळा मिटून जाळीतून केळीच्या बागेकडं पाहिलं. नखानं जाळीवर टिचकी मारली.

"कितीले पडला?"

भाच्यानं आकडा सांगितला. तो मी इथं देत नाही. त्या आकड्यात आमच्या लग्नाचं जेवण झालं होतं.

"आन् मेश किती हाये?"

"मेश नाही आबा, मायक्रॉन. शंभर."

"मंजे दीडशे मेश," दाजी म्हणाले. "अरे, हे तं आपल्या ड्रिपचंच व्हय!"

इथं बाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. जळगावच्या केळीवाल्याला मायक्रॉन शिकवायला जाऊ नये. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात भवरलाल जैन यांनी जळगावात ठिबकचा उद्योग सुरू केला, आणि पुढच्या पिढीभरात या भागातला शेतकरी फिल्टर खात, पीत, स्वप्नात बघत मोठा झाला. विहिरीच्या पाण्याला जाळीचा फिल्टर, कॅनॉलच्या शेवाळाला वाळूचा, बोअरमधून वाळू येत असेल तर आधी हायड्रोसायक्लॉन. चारशे फूट नळीवरचा एखादा ड्रीपर एका कणानं तुंबतो आणि त्याच्याखालची केळी सुकते, तेव्हा माणसाला गाळण्याचं शास्त्र पाठ करावंच लागतं. फुंकून बघत कुणी बसत नाही.

दाजींनी पोराची उलटतपासणी सुरू केली. वांगं फिरवायचं काम माझ्याकडं आलं.

"तुह्या गाडीचं ड्रीपर किती भोकाचं?"

"ड्रीपर नाही, इंजेक्टर."

"तेच ते. भोक किती?"

भाच्यानं फोनमध्ये बघून सांगितलं, दीडशे-दोनशे मायक्रॉन. दाजींनी जमिनीवर काडीनं आकडा लिहिला. ठिबकातला ठोकताळा असा, की ज्या भोकाला जपायचं त्याच्या दहाव्या हिश्शाहून मोठा कण पुढं जाऊ द्यायचा नाही. ड्रीपरची वाट एक मिलिमीटरच्या आसपास, म्हणून जाळी शंभर-सव्वाशे मायक्रॉनची. इंजेक्टरचं भोक दोनशेचं, मग जाळी वीसच्या आत हवी. दाजींनी वीसवर गोल केला. "आन् तू शंभरचं आणलं. ते इंजेक्टरले नाही, कांद्याले चालंल."

खरं तर गाडीची गोष्ट याहून नाजूक आहे. असल्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारतात, दीडशे-दोनशे बारच्या दाबानं. हा दाब तयार करणाऱ्या पंपातल्या दट्ट्याच्या फटी काही मायक्रॉनच्याच असतात. तिथं वीस मायक्रॉनचा कण म्हणजे लग्नाच्या मांडवात शिरलेला रेडा. म्हणून कारखान्यातून येणारा कागदी फिल्टर दहा मायक्रॉनच्या आसपासचा असतो. दाजी शाळा सोडून चाळीस वर्षं झालेला माणूस, काडीनं मातीत लिहून त्याच्या जवळपास पोचला होता.

भाचा हटला नाही. "पण आबा, बारीक जाळीनं फ्लो कमी होतो. मला तीनशे घोड्यांना पुरेल एवढं पेट्रोल पाहिजे."

"मंजे तासाले किती?"

याचं उत्तर त्याच्याकडं तयार होतं. पूर्ण ताकदीवर, अखंड, तासाला शंभर लिटरच्या आसपास. दाजी हसायला लागले ते थांबेनात. चार लिटरचा ड्रीपर धरला तर शंभर लिटर म्हणजे पंचवीस ड्रीपर. "पंचवीस खोडं! एवढा आवाज करते, आन् पंचवीस खोडाचं पाणी पेते?" त्यांच्या दोन इंची फिल्टरमधून तासाला वीस-पंचवीस हजार लिटर जातं, आणि तो काही निळा नाही. बरं, ही शंभर लिटरची गोष्ट पाय तासभर दाबून धरला तर. जळगावात तो सलग चार सेकंद दाबता येतो. पाचव्याला गतिरोधक.

बारीक जाळी आणि भरपूर प्रवाह दोन्ही पाहिजे असेल तर काय करायचं, हेही शेतात सगळ्यांना माहीत असतं : जाळी बारीक, तर फिल्टर मोठा. क्षेत्रफळ वाढवायचं. कागदी फिल्टरच्या पोटात कागदाला घड्यांवर घड्या घातलेल्या असतात त्या याचसाठी. मुठीएवढ्या डब्यात वर्तमानपत्राच्या पानासारखा पसारा मावतो. देखण्या निळ्या नळीत मात्र जाळीचा एक सुळकाच होता.

"मग हा पंपाच्या आधी लावतो," भाचा म्हणाला. हे मात्र त्यानं बरोबर वाचलं होतं. टाकीतून ओढायच्या बाजूला जाड जाळी, ढकलायच्या बाजूला बारीक. पंप ढकलायला पहिलवान असतो, ओढायला रडका. ओढायच्या बाजूला बारीक जाळी आली की त्याचा दम कोंडतो आणि मे महिन्यात, भुसावळच्या उन्हात, पेट्रोलच्या वाफा व्हायला लागतात. जुन्या अँबेसिडरवाल्यांना ही व्याधी परिचयाची. ते पंपावर ओलं फडकं टाकून झाडाखाली बसत आणि देवाचं नाव घेत. दाजींनी मान डोलावली, "फुटव्हॉल्व्हले कोणी फडकं बांधत नाही. पण तुह्या टाकीत पंपाले जाळी असंलच की आधीची." होती. निळ्या फिल्टरचा तोही आसरा गेला. तोवर एक वांगं माझ्या हातून कोळसा झालं होतं, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी दाजींनी विचारलं तो प्रश्न ना दुकानदाराला सुचला होता, ना चौकातल्या एकाही तज्ज्ञाला. "फिल्टरच तुंबला हे ठरवलं कोणी? आधीचं घड्याळ किती दाखवते, नंतरचं किती?" ठिबकाच्या फिल्टरला आत येताना एक आणि बाहेर जाताना एक अशी दाबाची दोन घड्याळं असतात. दोन्हींतला फरक वाढला की धुवायचा. मनाला वाटलं म्हणून धूत नाहीत. गाडीला अशी घड्याळं नव्हती. तीनशे घोडे, आणि घड्याळ एकच, तेही वेळेचं.

घड्याळ धुळ्यात मिळालं. आग्रा रोडच्या कडेला एक मिस्तरी आहे, जन्म डिझेलमध्ये गेलेला. इंजेक्शन पंपाला तो अजून मायकोच म्हणतो, कंपनीचं नाव बॉश होऊन जमाना झाला तरी. जळगावच्या गाडीला धुळ्यात दुरुस्तीला न्यायचं म्हणजे जळगावकराला सासरी कर्ज मागितल्यासारखं वाटतं, पण इलाज नव्हता. धुळ्याला संशोधनाची परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे इथंच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथंच उभं राहिलं. त्या गावचं पाणी असावं, मिस्तरी मूळ कागद बघितल्याशिवाय बोलत नाही. त्यानं आधी पुण्याची सर्व्हिस बिलं मागितली. त्यात ऑइल फिल्टर होता, एअर फिल्टर होता, एसीचासुद्धा होता. पेट्रोलचा कुठंच नव्हता.

"पोऱ्या, हाऊ फिल्टर गाडीनं लगीन व्हयनं तवयपासून से," मिस्तरी म्हणाला.

त्यानं लाइनवर प्रेशरचं घड्याळ लावलं. गाडी उभी असताना काटा जागेवर. मग एक्स्प्रेस-वेवरच्यासारखी चालवायला नागावच्या पुढं गेलो. चार हजाराला काटा घसरायला लागला आणि झटका बसला. मिस्तरीनं परत येऊन मागच्या चाकापाशी, टाकीला लागून असलेला जुना फिल्टर काढला, शिकंज्यात धरला आणि हॅकसॉनं उभा कापला. फिल्टर कापून बघणारा मेकॅनिक मी पहिल्यांदाच पाहिला. आतला कागद काळा-तपकिरी, घड्या एकमेकींना चिकटलेल्या, बोटाला बारीक तांबूस गाळ. तो त्यानं बोटांच्या चिमटीत चोळून दाजींसकट आम्हा तिघांना हुंगायला दिला. चौकातले सगळे तज्ज्ञ बरोबर निघाले होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

नवा फिल्टर त्यानं चासी नंबरावरून पार्ट नंबर काढून मागवला. डबा फिल्टर बनवणाऱ्या कंपनीचा, आत कागद, दहा मायक्रॉन, दिसायला कोकाकोलाच्या चेपल्या डब्याइतकाच रुबाबदार. बसवताना अंगावरचा बाण त्यानं भाच्याला दाखवला, "हाऊ बाण दख. इंजिनकडे जास. उलटा लावा तं बठ्ठा कचरा पुढे." घड्याळ लावून परत चक्कर झाली. काटा हलला नाही. भाच्याला सेंधव्यावरून पुढं थेट पिथमपूर गाठायची इच्छा झाली. तिथं गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगाचा लंबगोल ट्रॅक आहे, जिथं म्हैस सोडत नाहीत. दाजींनी त्याला फागण्यापर्यंत परवानगी दिली.

राहिला तो निळा फिल्टर. तो परत घेणारे परत घेईनात, कारण पाकीट फोडलं होतं. दाजींनी तो मागून घेतला. भुसावळच्या लेथवाल्याकडून त्याला अर्धा इंची आट्याचे दोन जोड करून आणले आणि फवारणीच्या पंपाला बसवला. शंभर मायक्रॉन तिथं अगदी बरोबर बसतो. गावातले लोक आता तो बघायला येतात, आणि दाजी प्रत्येकाला जाळी काढून, धुऊन, परत लावून दाखवतात. किंमत विचारली तर मात्र म्हणतात, "पोरानं आणला. इंपोर्टेड हाये."